देवळाखालची राख: लुडविग रॉस आणि अक्रोपोलिसची पहिली खोदाई

अथेन्सचा अक्रोपोलिस चढू लागले की उजव्या हाताला उंच बुरुजाच्या टोकावर एक लहानसे देऊळ दिसते. पुढे चार खांब, मागे चार खांब आणि मधे एक खोली, एवढाच त्याचा पसारा. हे अथेना नीकेचे, म्हणजे विजय देणाऱ्या अथेनेचे देऊळ. (बुटांच्या ब्रँडमुळे जगाला ‘नाइकी’ म्हणून ठाऊक झाली ती हीच नीके.) इसवी सनापूर्वी ४२५ च्या आसपासचे हे बांधकाम, असे वाटाडे सांगतात आणि माणसे माना डोलावून फोटो काढतात. वाटाडे खोटे बोलत नाहीत. फक्त मधली एक गोष्ट गाळतात. १८३४ साली त्या बुरुजावर हे देऊळ नव्हतेच. होता तो तोफांचा मोर्चा, म्हणजे तोफा ठेवायची तटबंदी, आणि देवळाचे दगड त्या मोर्चाच्या पोटात गाडलेले होते. १८३५-३६ मध्ये तिघांनी ते दगड बाहेर काढून एकावर एक चढवले. दोघे वास्तुविशारद होते, ब्रेस्लाऊचा एडुआर्ट शाउबर्ट आणि डेन्मार्कचा ख्रिस्तियान हान्सेन. तिसरा, आणि कामाचा प्रमुख, होता लुडविग रॉस.

रॉसचे नाव आज पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनाही चटकन आठवत नाही. त्याच्या आधीचा व्हिंकेलमान आठवतो, नंतरचा, ट्रॉय खोदणारा श्लीमान तर सगळ्यांनाच आठवतो. मधली पिढी अशीच विसरली जाते. पण पुस्तकात वाचलेला ग्रीस आणि मातीत सापडणारा ग्रीस यांची गाठ प्रथम ज्यांनी घातली त्यांत रॉस आहे, आणि ती गाठ घालताना त्याचे हात चांगलेच पोळले.

जर्मन विद्वानांचे ग्रीसवेड रॉसच्या किती तरी आधीचे. मोच्याच्या घरात जन्मलेल्या योहान योआखिम व्हिंकेलमानने १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिला आणि युरोपला ग्रीक शिल्पाकडे बघायला शिकवले. गंमत अशी की तो ग्रीसला कधी गेलाच नाही. त्याने पाहिले ते रोममधले पुतळे, आणि त्यांतले बरेचसे मूळ ग्रीक कामांच्या रोमन काळातल्या नकला. १७६८ मध्ये त्रिएस्तच्या एका खानावळीत त्याचा खून झाला. त्यानंतरही दोन पिढ्या जर्मन अभ्यासकांचा मुक्काम रोममध्येच राहिला. एडुआर्ट गेर्हार्डने १८२९ मध्ये पुरातत्त्वाची आंतरराष्ट्रीय संस्था काढली तीही रोममध्ये. ग्रीस उस्मानी साम्राज्यात होता, प्रवास जिकिरीचा होता, आणि १८२१ पासून तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते.

रॉसचा जन्म २२ जुलै १८०६ चा, हॉल्श्टाइनमधल्या बोर्नह्योफेडचा. घरात भाषा जर्मन, राजा डेन्मार्कचा, आणि आजोबा स्कॉटलंडहून आलेले डॉक्टर. रॉस हे आडनाव तिकडचे. त्याला ‘जर्मन’ म्हणायचे ते भाषेने आणि शिक्षणाने, कारण जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हताच. कीलच्या विद्यापीठात त्याने आधी वैद्यकात डोके घातले, मग ग्रीक-लॅटिनकडे वळला आणि १८२९ मध्ये ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. काही काळ कोपनहेगनमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी शिकवण्या केल्या. डॅनिश सरकारची प्रवासवृत्ती मिळाली आणि १८३२ मध्ये, पंचविशी जेमतेम ओलांडलेला हा पोरगा ग्रीसच्या किनाऱ्याला लागला.

त्याने वेळ अचूक साधली होती. नव्या ग्रीससाठी युरोपच्या सत्तांनी बव्हेरियाचा राजपुत्र ओटो याला राजा ठरवले होते, आणि तो फेब्रुवारी १८३३ मध्ये नाफ्प्लिओ बंदरात उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. राजा अल्पवयीन, म्हणून कारभार बव्हेरियन मंडळाच्या हाती. सैन्य बव्हेरियन, कायदे करणारे बव्हेरियन, आराखडे आखणारेही जर्मनच. जर्मन येणारा, प्राचीन ग्रीक जाणणारा आणि रस्त्यावरची ग्रीक भाषा झपाट्याने उचलणारा तरुण या राजवटीला हवाच होता. १८३३ मध्ये रॉसकडे पेलोपोनेस या दक्षिण ग्रीसमधल्या द्वीपकल्पातल्या पुरावशेषांची देखरेख आली आणि १८३४ मध्ये सगळ्या राज्याच्या पुरावशेषांचा तो प्रमुख झाला. वय वर्षे अठ्ठावीस.

त्याच वर्षी पुरावशेषांचा कायदा झाला. देशातल्या सगळ्या प्राचीन वस्तू या ग्रीकांच्या पूर्वजांच्या कृती असल्याने समस्त ग्रीकांची राष्ट्रीय मालमत्ता आहेत, असे त्यात म्हटले होते. तो लिहिला होता गेओर्ग लुडविग फॉन माउरर या बव्हेरियन कायदेपंडिताने. ग्रीकांचे पूर्वज कोण आणि त्यांचे काय जपायचे हे जर्मन ठरवत होते. हे त्या वेळी फारसे कोणाला खटकले नाही. पुढे खटकले, आणि त्याची किंमत रॉसला मोजावी लागली.

राजधानी नाफ्प्लिओहून अथेन्सला हलवायचे ठरले तेव्हा अथेन्स म्हणजे लढाईत उद्ध्वस्त झालेले एक खेडेवजा गाव होते. अक्रोपोलिस तर किल्लाच. १८३३ च्या वसंतात तिथून तुर्की शिबंदी उतरली आणि बव्हेरियन शिबंदी चढली, एवढाच फरक. पार्थेनॉनच्या, म्हणजे टेकडीवरच्या अथेनेच्या मोठ्या देवळाच्या, पोटात एक लहान मशीद होती. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने तिथला दारूसाठा उडाला आणि देवळाचा मधला भाग कोसळला, त्यानंतर त्या मोकळ्या जागेत ती बांधलेली. सभोवती पडक्या घरांच्या भिंती, तोफगोळे, विटा, चुना, माणसांची आणि जनावरांची हाडे. प्रशियाचा प्रख्यात वास्तुविशारद शिंकेल याने तर या टेकडीवर ओटोसाठी राजवाड्याचा आराखडा काढला होता, पार्थेनॉन बागेतल्या शोभेसारखा ठेवून! तो आराखडा बारगळला, हे आपल्या सगळ्यांचे नशीब. राजवाडा पुढे खाली शहरात बांधला गेला, आणि आज त्यात ग्रीसची संसद भरते.

शिंकेलचा आराखडा मागे पडला त्यात लेओ फॉन क्लेंत्झ या बव्हेरियन दरबारी वास्तुविशारदाचा हात होता. अक्रोपोलिस हा यापुढे किल्ला नसेल, स्मारक असेल, हा आग्रह त्याचा. १० सप्टेंबर १८३४ रोजी पार्थेनॉनमध्ये सोहळा झाला. राजा सिंहासनावर बसला, क्लेंत्झने जर्मनमध्ये भाषण केले, आणि राजाने एका खांबाच्या दगडावर तीन वेळा ठोकून जीर्णोद्धाराचा मुहूर्त केला. रानटी काळाच्या खुणा पुसून टाकू, असा भाषणाचा सूर होता. ‘रानटी’ म्हणजे कोण, हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही. फ्रँक, बायझंटाईन, तुर्क, सगळेच त्यात आले. टेकडीवरची दोन हजार वर्षे एका शब्दात अडगळ ठरली.

सोहळा आटोपून क्लेंत्झ परत गेला आणि प्रत्यक्ष ढिगारे उपसायचे काम रॉसच्या गळ्यात पडले. जानेवारी १८३५ मध्ये फावडी चालू झाली. सैनिक टेकडीवरून हलायला तयार नव्हते. काही आठवड्यांनी ते एकदाचे गेले. पार्थेनॉनमधली मशीद लगेच पाडली नाही, तिच्यात सापडलेल्या वस्तू ठेवायची सोय झाली. १८३९ मध्ये पार्थेनॉनचे पहिले छायाचित्र निघाले, त्यातही ती ठसठशीत दिसते. ती गेली १८४२-४३ मध्ये.

नीकेच्या देवळाचा माग पुस्तकांतून काढता येत होता. दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियास सांगतो की अक्रोपोलिसच्या महाद्वाराच्या उजव्या बाजूला पंख नसलेल्या नीकेचे देऊळ आहे, तिथून समुद्र दिसतो, आणि काळ्या शिडाचे जहाज बघून मुलगा गेला असे समजून राजा एगेउसने उडी घेतली ती तिथूनच. १६७६ मध्ये स्पाँ आणि व्हीलर या प्रवाशांनी ते उभे पाहिले. १७६५ मध्ये चॅण्डलर नावाचा प्रवासी गेला तेव्हा मात्र नाही. मधल्या काळात, १६८६ च्या सुमारास, व्हेनिसचे आरमार चालून येणार म्हणून तुर्कांनी देऊळ उतरवले आणि दगड प्रवेशद्वारासमोरच्या तोफांच्या मोर्चात भरले. कोणी सूड म्हणून ते फोडले नव्हते. घाईत भरावाला दगड हवे होते, आणि तयार घडवलेले दगड हाताशी होते. म्हणूनच ते वाचले. चुन्याच्या भट्टीत गेलेला संगमरवर परत येत नाही, भिंतीत गेलेला येतो.

रॉस, शाउबर्ट आणि हान्सेन यांनी मोर्चा उकलायला घेतला तेव्हा आतून देवळाचे भाग एकामागून एक निघू लागले. खांब, त्यांची वेटोळ्यांची शीर्षे, भिंतींचे चिरे, शिल्पपट्ट. तळाशी देवळाचे जोतेही जागच्या जागी सापडले. हे कोडे सुटण्याजोगे होते, कारण ग्रीक कारागीर चिऱ्यांमध्ये चुना घालत नसत. शेजारच्या दोन चिऱ्यांना लोखंडी आकड्याने बांधायचे आणि आकड्याभोवती वितळलेले शिसे ओतायचे, ही त्यांची रीत. लोखंड निघून गेले तरी दगडात खोबण उरते. या चिऱ्याची खोबण त्या चिऱ्याच्या खोबणीला मिळते का, हे बघत बघत भिंत जुळवता येते. खांबाचा दांडा एकेका अखंड दगडाचा, त्यामुळे तिथेही चकत्या शोधत बसावे लागले नाही. नसलेल्या ठिकाणी नवा दगड घातला. १८३६ पर्यंत खांब आणि भिंती उभ्या राहिल्या. राहिलेले काम पुढे १८४० च्या दशकात झाले. शिल्पपट्टाचे चार तुकडे आधीच लॉर्ड एल्गिनने लंडनला नेले होते. त्यांच्या जागी नकला बसवल्या.

बुरुजाच्या कडेला एकेकाळी नीकेच्या मूर्तींचा कोरीव कठडा होता, त्याच्याही शिळा या खोदाईत हाती आल्या. त्यांतली एक नीके एका पायावर तोल सावरून वाकली आहे आणि पायातल्या वहाणेशी हाताने काहीतरी करते आहे. सोडते आहे की बांधते आहे, यावर आजही एकमत नाही. अंगावरचे वस्त्र ओले असावे तसे शरीराला चिकटलेले. डोके नाही. ग्रीक शिल्पातल्या सर्वांत देखण्या दहा कामांत मी तरी हिला धरीन.

देऊळ उभे राहिले आणि युरोपभर वाहवा झाली. पण माझ्या मते रॉसचे खरे मोठे काम तिथून शंभरेक पावलांवर, पार्थेनॉनच्या दक्षिणेला, कोणी फोटो काढणार नाही अशा एका खड्ड्यात झाले.

ते समजायला त्या वेळच्या एका अडचणीकडे वळायला हवे. १८२८ पासून इटलीतल्या व्हुल्ची इथल्या, एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांतून रंगवलेली ग्रीक भांडी हजारोंनी निघत होती. काहींवर लाल मातीच्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृत्या, काहींवर उलट, काळ्या पार्श्वभूमीवर लाल आकृत्या. काळ्या आकृत्यांची रीत आधीची आणि लाल आकृत्यांची नंतरची, हे ओळखता येत होते. पण नंतरची म्हणजे कधीची? थडग्यात भांडे असते, त्यावर तारीख नसते. लाल आकृत्यांची सफाईदार चित्रे इराण्यांशी झालेल्या युद्धांच्या आधी काढली गेली असतील, हे त्या काळच्या बऱ्याच विद्वानांना पटत नव्हते. एवढी प्रगती विजयानंतरच्या वैभवातच शक्य, असा त्यांचा होरा.

रॉसने पार्थेनॉनच्या पायाशी खोदायला सुरुवात केली. दक्षिणेकडे टेकडी घसरत जाते, म्हणून तिथे देवळाचा पाया फार खोल नेलेला आहे आणि भोवती भराव घातलेला आहे. वरच्या थरात संगमरवराच्या छिलक्या सापडल्या, म्हणजे पाथरवटांनी पार्थेनॉनचे चिरे घडवताना उडालेला कचरा. पार्थेनॉनचे काम इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याखालचे सगळे त्याहून जुने. आणि खाली काय होते? कोळसा, राख, जळून वाकलेल्या काशाच्या वस्तू, भाजक्या मातीच्या मूर्तींचे तुकडे आणि रंगीत खापरे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणचा राजा झर्क्सिस याच्या सैन्याने अक्रोपोलिस जाळला, आणि परत आलेल्या अथेन्सकरांनी ते जळके अवशेष भरावात लोटले. रॉसने त्या जळक्या मालातली खापरे निरखली, तर त्यांत लाल आकृत्यांचीही होती.

निष्कर्ष सरळ होता. लाल आकृत्यांची भांडी ४८० च्या आधी बनत होती. आज ही रीत इसवी सनापूर्वी ५२५-५२० च्या सुमारास सुरू झाली असे मानतात. रॉसचे म्हणणे सगळ्यांनी लगेच उचलून धरले नाही, आणि दक्षिणेकडचा तो भराव काही ठिकाणी सरमिसळ झालेला आहे हेही पुढे कळले. पण अर्धशतकानंतर, १८८५ ते १८९० मध्ये, ग्रीक पुरातत्त्व खात्याने टेकडी खडकापर्यंत खोदली तेव्हा मुख्य मुद्दा पक्का झाला. अमुक वस्तू अमुक थरात सापडली, वर हे होते आणि खाली ते, म्हणून तिचे वय एवढे. आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवावे लागत नाही. १८३५ मध्ये मात्र खोदाई म्हणजे पुतळे शोधणे. राखेच्या थरापाशी थांबून विचार करणारा माणूस विरळा.

इथपर्यंत सगळे रॉसच्या बाजूने चालले होते. मग दगडांवरच्या अक्षरांनी घात केला.

१८३४ मध्ये पिरेयस बंदरात एका इमारतीचा पाया खोदताना अक्षरांनी खच्चून भरलेल्या शिळा निघाल्या. उशिराच्या काळातल्या कोणीतरी त्या बांधकामाला वापरल्या होत्या. रॉसने त्या अथेन्सला हलवल्या आणि वाचायला बसला. बघतो तो अथेन्सच्या आरमाराची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली, दप्तरी कागदपत्रे! कागदाऐवजी दगडावर एवढेच. कोणत्या गोदीत कोणते जहाज, त्याचे नाव काय, ते नवे की जुने, त्यावर वल्ही किती, दोर, शिडे, नांगर काय आहे आणि काय हरवले, कोणत्या श्रीमंताने सामान परत केले नाही आणि त्याच्याकडे किती ड्राख्मा येणे आहे. जहाजांची नावे वाचताना मजा येते: एलेउथेरिया म्हणजे स्वातंत्र्य, देमोक्रातिया म्हणजे लोकशाही, अँफित्रिते ही समुद्राची देवी, आणि नीकेही आहेच. गोद्यांचा हिशोबही मिळतो, तीन बंदरांत मिळून ३७२ जहाजांची जागा.

प्राचीन लेखकांनी अथेन्सच्या तीन-मजली वल्ह्यांच्या जहाजांचे पोवाडे गायले, पण एका जहाजावर वल्ही किती, हे कोणी सांगितले नव्हते. ज्याला रोज दिसते त्याला ते लिहावेसे वाटत नाही. गोदीतल्या कारकुनाला मात्र लिहावे लागते. या शिळांवरून कळले की वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४, खालच्या रांगेत ५४, अशी १७० वल्ही, शिवाय ३० राखीव. १९८७ मध्ये ग्रीसने ‘ओलिंपियास’ नावाचे असे जहाज बांधून खरोखर समुद्रात सोडले, तेव्हा वल्हेकरी बसवले ते याच आकड्यांनी.

रॉसने या लेखांच्या नकला करून बर्लिनला आउगुस्ट ब्यॉखकडे पाठवल्या. ब्यॉख हा ग्रीक शिलालेखांचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार. युरोपभरच्या नकला गोळा करून तो त्यांचा महासंग्रह छापत होता. रॉसच्या दृष्टीने यात गैर काय? शिळा अथेन्समध्येच होत्या, गेली ती फक्त अक्षरे. अथेन्समध्ये मात्र याकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. ग्रीक सरकारच्या नोकराने, ग्रीक मातीत सापडलेले लेख, ग्रीसमध्ये छापले जाण्याआधी परदेशी पाठवले. हा आवाज उठवणाऱ्यांत पुढे होता किरियाकोस पिटाकिस.

पिटाकिसला खलनायक करून टाकायचा मोह होतो. रॉसच्या आठवणी वाचून लिहिणाऱ्यांनी तो फारसा आवरलेला नाही. पण हा माणूस अस्सल अथेन्सकर, १७९८ चा, बहुतेक स्वतःच शिकलेला. स्वातंत्र्ययुद्धात अक्रोपोलिसवर कोंडलेले तुर्क गोळ्यांसाठी खांबांमधले शिसे काढायला लागले, तेव्हा ‘खांब फोडू नका, शिसे आम्ही देतो’ असा निरोप धाडायची कल्पना त्याची, असे सांगतात. कथा तंतोतंत खरी असो नसो, ती त्याच्याबद्दल सांगितली जाते यावरूनच त्याची प्रतिमा कळते. त्याचे वाचन कच्चे असे, छापण्यात चुका असत, आणि रॉस त्याला तुच्छ लेखत असे. पण गल्लीबोळांतून शिलालेखांचे तुकडे गोळा करून वाचवण्यात त्याने हयात घालवली, हेही तितकेच खरे. एकाला वाटे, हा अडाणी माझ्या कामात आडवा येतो. दुसऱ्याला वाटे, हा परका आमच्या पूर्वजांवर नाव कमावतो. दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते.

प्रकरण वर्तमानपत्रांत गेले, मंत्र्यांपर्यंत गेले. रॉसच्या शिलालेखांच्या कामावर बंधने आली. स्वभावाने ताठ असलेल्या रॉसने १८३६ मध्ये राजीनामा दिला, आणि त्याची जागा काही काळाने पिटाकिसकडेच गेली. आरमाराच्या नोंदी ब्यॉखने १८४० मध्ये बर्लिनला ग्रंथरूपाने छापल्या. आज ते वाचणाऱ्या कोणालाही रॉसने नकला पाठवल्या हे बरेच झाले असे वाटेल. पण ‘आधी आमच्याकडे छापा’ ही मागणी तरी कुठे चुकीची होती? पुढे दोनशे वर्षे हा तंटा देशोदेशी याच शब्दांत चालू आहे.

राजाने रॉसला मोकळे सोडले नाही. १८३७ मध्ये अथेन्सला विद्यापीठ निघाले, आणि रॉस तिथला पुरातत्त्वाचा पहिला प्राध्यापक झाला. व्याख्याने ग्रीकमध्ये देई. विद्यार्थ्यांना आपल्या भाषेत पुस्तक हवे म्हणून १८४१ मध्ये कलेच्या पुरातत्त्वावरची हस्तपुस्तिकाही ग्रीकमध्येच काढली. पिटाकिसच्या समर्थकांनी या गोष्टीची दखल घेतल्याचे दिसत नाही.

सुट्ट्यांत तो बेटांवर जाई. एजियन समुद्रातली बेटे त्याने मिळेल त्या नावेने पालथी घातली आणि त्यावर चार खंड लिहिले. मला त्याच्या लेखनातले हेच सर्वांत वाचनीय वाटते, कारण शिलालेख आणि थडग्यांइतकीच त्याला जिवंत माणसांची हौस होती. बेटांवरच्या फार जुन्या थडग्यांतून निघणाऱ्या संगमरवरी बाहुल्यांची नोंद करणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांत तो होता. हात पोटावर घडी घातलेले, चेहऱ्यावर फक्त नाक. त्याला त्या ओबडधोबड आणि कुरूप वाटल्या. ग्रीकांच्या आधीच्या लोकांच्या असाव्यात असा त्याचा कयास. त्या ग्रीकांहून पुष्कळ जुन्या आहेत हे खरेच निघाले. कुरूप मात्र पुढे कोणाला वाटल्या नाहीत. विसाव्या शतकातल्या शिल्पकारांनी त्या डोक्यावर घेतल्या.

अथेन्समधल्या ज्या देवळाला सगळे ‘थेसेउसचे देऊळ’ म्हणत, ते थेसेउसचे नाहीच असेही त्याने १८३८ मध्ये लिहिले. त्याच्या मते ते युद्धदेव आरेसचे. इथे तो अर्धा जिंकला. देऊळ थेसेउसचे नव्हते, पण आरेसचेही नव्हते. हेफायस्तोस या लोहारदेवाचे होते. तरी आजही तिथल्या वस्तीचे आणि मेट्रो स्टेशनचे नाव ‘थिसिओ’च आहे.

३ सप्टेंबर १८४३ रोजी अथेन्सचे सैन्य आणि लोक राजवाड्यासमोर जमले आणि ओटोला राज्यघटना कबूल करावी लागली. त्याचबरोबर परदेशी नोकरांना सरकारी जागांवरून काढण्याची मागणीही मान्य झाली. रॉसची खुर्ची गेली. अकरा वर्षे तो त्या देशात होता, तिथल्या भाषेत शिकवत होता, पण नोंदवहीत ‘परदेशी’च. प्रशियाच्या राजाने त्याला हाल्ले विद्यापीठात जागा दिली, आणि रुजू होण्याआधी प्रवासाला अवधीही दिला. तो र्‍होड्स, कोस, सायप्रस करून १८४५ मध्ये हाल्लेला पोचला.

हाल्लेचा रॉस वाचताना वाईट वाटते. अक्रोपोलिसवर पुराव्यापुढे मान झुकवणारा माणूस इथे सगळ्या जर्मन विद्वत्तेशी भांडायला उभा राहिला. ग्रीकांनी इजिप्त आणि पूर्वेकडून पुष्कळ घेतले, हे त्याचे म्हणणे तेव्हा हसण्यावारी गेले. आज ते इतके वेडगळ वाटत नाही. पण भाषांच्या बाबतीत तो सपशेल घसरला. भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप आणि त्याच्या अनुयायांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी आहेत हे पक्के करत आणले होते. पितृ, ग्रीक पातेर, लॅटिन पातेर अशी साखळी जुळत होती. रॉसला ते मुळीच मान्य नव्हते. १८५८ मध्ये त्याने एक पुस्तकच काढले. त्याच्या उपशीर्षकात प्रश्न होता: रोमन लोक संस्कृत बोलत होते की ग्रीक? त्याचे उत्तर ग्रीक. लॅटिन थेट ग्रीकमधून आली, संस्कृतचा इथे काय संबंध, असा त्याचा पवित्रा. पुस्तक निघाले तेव्हाच ते कालबाह्य होते.

तोवर शरीरही साथ देईनासे झाले होते. बरीच वर्षे तो असह्य दुखण्याने अंथरुणाला खिळून होता. ६ ऑगस्ट १८५९ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याने हाल्लेत आपल्या हाताने आयुष्य संपवले. ग्रीसमधल्या त्याच्या आठवणी १८६३ मध्ये ओटो यान या जर्मन अभ्यासकाच्या प्रस्तावनेसह छापल्या गेल्या. १८३० च्या दशकातले अथेन्स कसे होते हे शोधणारा प्रत्येक जण आजही त्या पुस्तकापाशी येतो.

नीकेच्या देवळाची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. विसाव्या शतकात त्याखालचा बुरूज खचू लागला, म्हणून १९३५ मध्ये देऊळ पुन्हा उतरवले आणि १९४० पर्यंत पुन्हा चढवले. त्या वेळी घातलेले लोखंड गंजून संगमरवर तडकू लागला, तेव्हा २००० नंतर तिसऱ्यांदा चिरा चिरा सुटा केला. ते काम २०१० मध्ये संपले. म्हणजे इसवी सनापूर्वीचे हे देऊळ १८३५ पासून तीनदा बांधले गेले आहे.

१९३० च्या दशकात देऊळ उतरले असताना बुरुजाच्या आत खोदता आले. रॉसला जोते जागच्या जागी मिळाले होते, आणि त्याने त्यावरच देऊळ चढवले होते. खाली काय आहे हे त्याने पाहिले नव्हते. पार्थेनॉनपाशी थरामागून थर उकलणारा माणूस इथे वरच थांबला. त्या जोत्याखाली मऊ दगडाचे एक जुने, इवलेसे देवघर निघाले, इराण्यांच्या आगीनंतर बांधलेले. सोबत त्याहूनही जुनी, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली वेदी. तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत कोरले आहे: ही अथेना नीकेची वेदी, पात्रोक्लेदेसने बनवली.